पाचर

गेली दोन वर्षं मी टेबल सॉ निवडत होतो. या दोन वर्षांत माझ्या हातून लाकडाची साधी खुंटी झाली नाही, पण दहा इंची पात्याला चोवीस दात असावेत की चाळीस, यावर मी अर्धा तास बोलू शकतो. घरी पाहुणे आले की ही मला चहा घेऊन जातानाच डोळ्यांनी बजावते, आज दात नकोत.

ज्यांनी टेबल सॉ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एक मेज, मेजाच्या पोटात मोटर, मोटरीला गोल पातं, आणि त्या पात्याचा वरचा कोर मेजाच्या फटीतून डोकावलेला. हातकरवतीत लाकूड गप्प पडून राहतं आणि करवत येरझाऱ्या घालते. इथे करवत जागची हलत नाही, लाकूड तिच्याकडे चालत जातं. पूर्वी पुढचा जन्म मनासारखा मिळावा म्हणून माणसं काशीत जाऊन करवत घेत, असं सांगतात. मला याच जन्मात एक देव्हारा आणि पुस्तकांची मांडणी करायची होती. म्हणून करवत घरी आणायचं ठरवलं.

घर साताऱ्यातलं, जुनं. मागे गोठा आहे. गाय जाऊन पंचवीस वर्षं झाली, तरी त्याला आम्ही गोठाच म्हणतो. आतून अकरा फूट बाय तेरा फूट. मी त्याला मनातल्या मनात ‘कार्यशाळा’ म्हणायला लागलो तेव्हा तिथे एक मोडकी सायकल, पाण्याची दोन पिंपं आणि गव्हाण होती. गव्हाणीवर मी पक्कड, हातोडी आणि गुण्या मांडून ठेवले आणि निवड सुरू केली.

खरं म्हणजे हे खूळ एका फळीनं लावलं. सागवानाची सहा फुटी फळी होती, बल्लारशाची, तिला उभं चिरून दोन पट्ट्या काढायच्या होत्या. लाकडाचा आडवा काप कोणालाही जमतो. उभा काप म्हणजे रेषेच्या बाजूबाजूनं सहा फूट चालत जायचं, आणि तेही हातातल्या करवतीला पटेल तसं. चाळीस मिनिटं मी करवत ओढली. पहिला फूटभर शाळेतल्या पट्टीसारखा सरळ गेला. पुढे सागाच्या रेषांनी करवतीला आपल्या बाजूला वळवून घेतलं. शेवटी जी पट्टी निघाली ती खंबाटकी घाटातल्या वळणाची हुबेहूब प्रतिकृती होती. हिनं ती बघून विचारलं, “हे असंच करायचं होतं का?” त्याच रात्री मी टेबल सॉचा शोध घ्यायला बसलो.

रात्री बसून शोध घेणं हे लाकूडकामापेक्षा कितीतरी सोपं असतं. भुसा उडत नाही, हाताला फोड येत नाहीत. आधी मी या यंत्राचं मूळच शोधून काढलं. अमेरिकेत एक गोष्ट फार प्रेमानं सांगतात. शेकर पंथातली टॅबिथा बॅबिट नावाची बाई 1813 च्या सुमारास चरख्यावर सूत काढत बसली होती. समोर दोघे पुरुष मोठी करवत ओढत होते. करवत जाताना कापते, येताना नुसतीच येते, म्हणजे निम्मे श्रम फुकट, हे तिनं पाहिलं, आणि चरख्याच्या चाकाकडे बघून तिला गोल करवत सुचली. गोष्ट इतकी सुबक आहे की खरी नसावी असं वाटतं, आणि नाहीच ती पुरती खरी. गोल करवतीचं पेटंट इंग्लंडमध्ये सॅम्युअल मिलर नावाच्या माणसानं 1777 मध्येच घेऊन ठेवलं होतं. पण दोन पुरुष घाम गाळत आहेत आणि चरख्यावरची बाई ‘निम्मं वाया जातंय’ असं मनात म्हणते आहे, हे चित्र मला आमच्या घरचंच वाटतं.

आमच्या सुतार मिस्त्रींना मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा पावसाळा होता आणि ते आमचं फुगलेलं मागचं दार उतरवून रंधत होते. वीस वर्षं आमच्याकडे येतात. वय पासष्टच्या पुढे. काम जमिनीवर बसून करतात. फळी धरायला पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट. तो त्यांचा शिकंजा, आणि त्याला आवळायला दांडा लागत नाही. मी म्हणालो, “मिस्त्री, टेबल सॉ घ्यायचा विचार आहे.”

“घ्या की,” ते म्हणाले. रंधा थांबला नाही. “पण करायचं काय हाय तुमास्नी, सर?”

मी म्हणालो, देव्हारा. मांडणी. एखादं मेज. मग बघू.

“मग ‘बघू’चं मशीन येगळं अन् देव्हाऱ्याचं येगळं.”

हे मला तेव्हा कळलं नाही. मी ते खेडवळ शहाणपण म्हणून सोडून दिलं आणि पुण्याला गेलो.

रविवार पेठेत बोहरी आळीत गेलं की जगात लोखंडाची किती रूपं आहेत याचा साक्षात्कार होतो. बिजागऱ्या, खिळे, कड्या, साखळ्या यांच्या राशींतून वाट काढत मी एका दुकानात शिरलो. दुकानदारानं मला दोन जाती दाखवल्या. एक सुटसुटीत, ॲल्युमिनियमच्या मेजाची, पंचवीस-तीस किलोची, दोघांनी उचलून कुठेही न्यावी अशी. हिची मोटर कार्बन ब्रशची, मिक्सरच्या मोटरीच्या गोत्रातली, त्यामुळे आवाजही मिक्सरचाच, फक्त नारळ करवंटीसकट घातल्यासारखा. दुसरी बिडाची. ओतीव लोखंडाचं मेज, पट्ट्यावर चालणारी इंडक्शन मोटर, आवाज खर्जातला. ही एकदा जिथे ठेवाल तिथे तुमच्या नातवंडांना सापडेल.

आता मी दोन वर्षं वाचलेलं दाखवायची वेळ होती. जाणकार लोक बिडाच्या यंत्राची एक परीक्षा घेतात. मेजावर एक नाणं काठावर उभं करायचं आणि यंत्र चालू करायचं. नाणं पडलं नाही तर यंत्र खानदानी. मी खिशातून दहाचं नाणं काढलं, सुटसुटीत यंत्रावर उभं केलं आणि ‘लावा’ म्हणालो. दुकानदारानं माझ्याकडे एकदा पाहिलं, बटण दाबलं. नाणं थोडा वेळ थरथरलं, मग टुणकन उडी मारून मेजावरून उतरलं, आणि गिऱ्हाइकांच्या पायांतून वाट काढत पाण्याच्या पंपांच्या ओळीखाली गेलं. ते अजून तिथेच असेल. बिडाच्या यंत्रावर परीक्षा घ्यायला माझ्याकडे सुटे नव्हते, आणि किंमत ऐकल्यावर ती घेण्यात अर्थही नव्हता.

घरी येऊन मी गोठ्यात खडूनं जमिनीवर यंत्राचा चौकोन काढला. तीन फूट बाय तीन फूट, काहीच नाही. मग प्लायवुडचा एक ताव डोळ्यांसमोर आणला. आठ बाय चार. तो उभा चिरायचा तर पात्याच्या अलीकडे आठ फूट हवेत आणि कापून झाल्यावर तो जाणार कुठे, तर पलीकडे आठ फूट. म्हणजे सोळा फूट, अधिक मी, अधिक यंत्र. गोठा तेरा फुटांचा. दार उघडं ठेवलं तर ताव अंगणात निघेल आणि तुळशीवृंदावनाला जाऊन टेकेल. हे मी हिला सांगितलं नाही. शिवाय अठरा मिलिमीटरचा ताव तीस-पस्तीस किलोचा, तो छोट्या यंत्रावर चढवला की यंत्रच उचलून धरतो. टेबल सॉच्या जाहिरातीत तरुण माणूस एका हातानं ताव सरकवताना दाखवतात, त्याच्या मागे नेहमी विमानाच्या हँगरएवढी रिकामी जागा असते, इकडे माझं लक्ष तोवर गेलं नव्हतं.

मिस्त्रींनी हा प्रश्न एका वाक्यात सोडवला. प्लायवुड दुकानातच कापून आणायचं. दुकानदाराकडे पॅनेल सॉ असतो, सरकत्या मेजाचा. त्यात लाकूड मेजावर सरकत नाही, लाकडासकट मेजच सरकतं. विल्हेल्म आल्टेनडोर्फ नावाच्या जर्मन सुताराला हे बर्लिनमध्ये 1906 साली सुचलं आणि आज आपल्याकडच्या मॉड्युलर किचनच्या कारखान्यांतसुद्धा त्याच जातीची यंत्रं दिसतात. ताव तिथे, देव्हारा इथे, अशी वाटणी झाली. देव्हाऱ्यासाठी लागतात त्या दोन-तीन फुटांच्या पट्ट्या. त्यांना गोठा पुरतो.

तेव्हा मला ‘बघू’चं मशीन म्हणजे काय ते कळलं. मी जे निवडत बसलो होतो ते सगळं त्या ‘बघू’साठी होतं. कधीतरी मोठा दिवाण करीन, कधीतरी शिसवाचा झोपाळा, कधीतरी पूर्ण स्वयंपाकघर. देव्हाऱ्याला लागणारं यंत्र मी पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं आणि ‘आपल्याला पुरणार नाही’ म्हणून बाजूला सारलं होतं. न केलेल्या कामांना फार मोठी यंत्रं लागतात.

त्यामुळे पुढचं सोपं झालं. सुटसुटीत यंत्र, दहा इंची पातं, 1,800 वॅटच्या आसपासची मोटर, जी घरच्या सिंगल फेजवर, सोळा अँपिअरच्या प्लगवर चालते. पाती दोन. उभ्या कापाला चोवीस दातांचं, आडव्याला साठ दातांचं. दात कार्बाइडचे, कारण सागात वाळूच्या जातीची सिलिका असते आणि ती साध्या पोलादाची धार खाऊन टाकते. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बाजूचं गाइड, ज्याला लागून फळी सरकते. पात्याशी ते पुढून-मागून सारख्या अंतरावर राहिलं पाहिजे. मोटर दुय्यम दर्जाची असेल तर काप हळू होतो. गाइड तिरपं बसलं तर फळी पात्याच्या मागच्या अंगाला आवळली जाते. आणि मग जे होतं त्यासाठी मिस्त्रींच्या हाताकडे यावं लागेल.

मिस्त्रींच्या डाव्या तर्जनीचं वरचं पेर नाही. वीस वर्षांत मी विचारलं नव्हतं. एका दुपारी चहा घेताना मी त्यांना मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. स्टीफन गॅस नावाचा अमेरिकन, शिक्षणानं भौतिकशास्त्रज्ञ, व्यवसायानं पेटंटचा वकील, आणि हौसेनं सुतार. 1999 मध्ये त्यानं असं यंत्र बनवलं की फिरत्या पात्याला माणसाची कातडी लागली, की शरीरातल्या विद्युतवहनामुळे पात्याला ते कळतं आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसून पातं पाच मिलिसेकंदांत थांबवतो. तो हे मांसाच्या सॉसेजवर करून दाखवायचा. सॉसेजला जेमतेम ओरखडा. पुढे त्यानं स्वतःचं बोट लावूनही पाहिलं. पातं आणि ठोकळा दोन्ही त्या एका प्रसंगात कामातून जातात, आणि फार ओल्या लाकडालाही यंत्र बोट समजू शकतं, पण हिशेब वाईट नाही.

मिस्त्रींनी ती चित्रफीत दोनदा पाहिली. तिसऱ्यांदा मोबाइल हातात घेऊन अगदी जवळून. मग म्हणाले, “हितं मिळतंय का?”

मी म्हणालो, आपल्या दुकानात तरी दिसलं नाही.

“मिळणार न्हाईच.” त्यांनी बशी खाली ठेवली. “आमचं काय, उलटा कटर.”

उलटा कटर ज्यांनी घराचं फर्निचर करून घेतलं आहे त्यांनी पाहिला असेल. फरशी कापायचा चार इंची मार्बल कटर घ्यायचा, त्याला लाकडाचं पातं लावायचं, प्लायच्या तुकड्याला फट पाडून खालून स्क्रूनं उलटा आवळायचा, बटण कायमचं दाबून दोरीनं बांधून टाकायचं. झाला टेबल सॉ. पात्यावर झाकणाची टोपी नाही, मागे काही नाही. पुण्या-मुंबईच्या हजारो फ्लॅटमधले वॉर्डरोब यावर कापले गेले आहेत. मी दोन वर्षं जे निवडत होतो ते या लोकांनी दुपारच्या जेवणाआधी बनवून घेतलेलं असतं.

मिस्त्रींचं पेर त्यावर गेलं. सांगताना आवाज चढला-उतरला नाही. बाभळीची फळी होती, चिरता चिरता काप मागे मिटायला लागला, पात्यानं मागून फळी धरली, “अन् फळी आली माझ्याकडं. म्या तर पुढं ढकलत हुतो. फळी गेली, हात ऱ्हायला.”

लाकडात ताण असतो. झाड वाऱ्याला तोंड देत वाढतं, तो ताण फळीतही उरतो. चिरताना तो मोकळा होतो आणि कधी कधी कापलेल्या दोन बाजू परत एकमेकींकडे येतात. पात्याचे पुढचे दात खाली जात असतात, मागचे वर येत असतात. मागच्यांना आवळलं की ते फळी उचलतात आणि चालवणाऱ्यावर फेकतात. मिनिटाला चार हजार फेरे घेणाऱ्या दहा इंची पात्याचे दात ताशी 190 किलोमीटरच्या वेगानं पळत असतात. पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर मोटारीला शंभरची मर्यादा आहे.

यावरचा उपाय मात्र अगदी किरकोळ दिसतो. पात्याच्या मागे, त्याला जवळजवळ चिकटून, पोलादाची एक पातळ, वाकडी पट्टी. पात्यापेक्षा जाड, कापापेक्षा बारीक. पातं वर-खाली होईल तशी तीही होते. कापलेल्या बाजू मिटायला लागल्या की मध्ये ही उभी. इंग्रजीत हिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. मिस्त्रींना मी तिचं चित्र दाखवलं तर ते म्हणाले, “ही तर पाचर.”

मी शिक्षक होतो, तरी हे मला सुचलं नव्हतं. पंचतंत्रातली माकडाची गोष्ट मी किती वर्षं वर्गात सांगितली असेल. देवळाचं बांधकाम चालू आहे, सुतार अर्धवट चिरलेल्या ओंडक्यात खैराची पाचर ठोकून जेवायला गेले आहेत, माकड येतं, ओंडक्यावर बसतं, पाचर उपसतं, आणि ओंडका मिटतो. आम्ही मुलांना तात्पर्य सांगायचो की नसत्या उठाठेवी करू नयेत. ती पाचर तिथे का ठोकली होती, हे एकाही मुलानं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. चिरलेलं लाकूड मिटतं, हे त्या गोष्ट रचणाऱ्याला ठाऊक होतं. मराठीत पाचर मारणं म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोडा घालणं. हा वाक्प्रचार सुतारांनी केलेला नसावा. आणि हौशी माणसं नवं यंत्र आणल्यावर पहिलं काय करतात, तर ‘मध्ये येतं’ म्हणून टोपी आणि पाचर काढून फडताळात ठेवतात.

यंत्र आलं एका गुरुवारी, टेम्पोतून. पाचर जागेवर आहे ना, हे मी खोका उघडल्याबरोबर पाहिलं. मिस्त्री आले, गुण्या लावून पातं काटकोनात आहे का पाहिलं, गाइड पुढून मापलं, मागून मापलं, अर्धा सूत फरक निघाला तो स्क्रू फिरवून काढला. सोबत आलेली ढकलायची प्लॅस्टिकची काठी हातात घेऊन वाकवून पाहिली आणि काही न बोलता गव्हाणीत टाकली. मग यंत्रासमोर उकिडवे बसून कितीतरी वेळ त्या पाचरीकडे बघत राहिले. एकदा अंगठ्यानं हलवून पाहिली.

“सर, ही सुट्टी मिळती का?”

मी म्हणालो, मिळते, पण याच यंत्राला बसते. कशाला हवी?

मिस्त्रींचा मुलगा पुण्यात फर्निचरच्या कामावर आहे. त्याच्याकडेही उलटाच कटर.

त्याला ही बसणं शक्य नव्हतं. पण उलट्या कटरचं पातं वर-खाली होत नाही, ते एकाच उंचीला बांधलेलं असतं. म्हणजे पाचरही हलायची गरज नाही. प्लायमधली फट पात्याच्या मागे बोटभर वाढवून तिच्यात लाकडाची पातळ जीभ चिकटवून उभी केली तर पुरे. प्रश्न फक्त जाडीचा. मिस्त्रींनी मुलाला फोन लावला आणि प्लायवरच्या कापाचं माप विचारलं. तिकडे माप घ्यायला व्हर्नियर नव्हता. थोड्या वेळानं उत्तर आलं. बँकेचं कार्ड आणि मेट्रोचं कार्ड एकत्र घातलं तर सैल जातं, त्यात लायसन घातलं तर जात नाही.

कठीण लाकूड हवं होतं. हिनं स्वयंपाकघरातून दिवाळीत तडकलेलं शिसवी लाटणं आणून दिलं. “हे तरी सरळ कापा,” म्हणाली. मी नव्या यंत्राकडे हात केला तर मिस्त्रींनी मान हलवली. एवढा लहान तुकडा त्या पात्यापाशी न्यायचाच नसतो. ते जमिनीवर बसले, लाटणं पायाच्या बोटांत धरलं, हातकरवतीनं मधोमध उभं चिरलं, मग त्या सपाट अंगाला लागून एक पापुद्रा काढला. काळ्या-तांबड्या शिसवाचा भुसा गोठ्याच्या शहाबादी फरशीवर बारीक रेघेत पडत गेला. रेघ सरळ होती. पापुद्र्यावर त्यांनी उलट्या हातानं रंधा फिरवला, एक धार घासून गोलावली.

“कार्डं हायती का तुमच्याकडं?”

मी पाकिटातून दोन काढून दिली. त्यांनी ती एकावर एक ठेवून पाचरीशेजारी धरली, डोळे मिटले आणि अर्ध्या तर्जनीनं दोन्हींवरून हलकेच हात फिरवला. आणखी एकदा रंधा. पुन्हा हात. मग वर्तमानपत्राच्या घडीत गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

“सहाच्या गाडीला वळखीचा कंडक्टर असतो,” ते चपला घालत म्हणाले. यंत्राचा प्लग अजून खोक्यातल्या पिशवीतच होता. दारातून वळून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

“तुमचं उद्या बघू, सर.”